बाबांचा अ‍ॅम्प्लिफायर दुरुस्त करू की साऊंडबार घेऊ?

निवांत_कोथरूड
मंडळी, सल्ला हवाय. बाबांनी १९८३ साली घेतलेला स्टीरिओ सेट हॉलमध्ये आहे. २० + २० वॅटचा अ‍ॅम्प्लिफायर, गुडघ्याएवढे दोन लाकडी डबे आणि एक टर्नटेबल. कंपनी केव्हाच बंद पडलीय, त्यामुळे नाव लिहून उपयोग नाही. बाबा असेपर्यंत रोज सकाळी वाजायचा. ते गेल्यापासून दोन वर्षं त्याच्यावर विणलेला रुमाल आणि रुमालावर फुलदाणी आहे.

गेल्या आठवड्यात आई (वय ७८) म्हणाली, "मोबाईलमधलं नाट्यसंगीत पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखं वाटतं, ते यंत्र लाव की." लावलं. परिस्थिती अशी:
डावी बाजू मुकी. कधीतरी वरून चापट मारली की दोन मिनिटं बोलते.
रेकॉर्ड लावली की सतत हूंऽऽऽ असा आवाज.
उजव्या स्पीकरच्या कोनाभोवतीची (मधल्या शंकूभोवतीची) काळी कड बोट लावलं की काजळीसारखी हाताला येते.

जवळच्या दुरुस्तीवाल्याने झाकण न उघडताच सांगितलं, "बोर्ड गेलाय, पार्ट मिळत नाहीत, नवीन घ्या." मुलगा म्हणतो साऊंडबार घे. बजेट वीस-पंचवीस हजार. हॉल १० बाय १६. काय करू?

शंकासुर
साऊंडबार घ्या. टीव्हीला एक वायर, भिंतीवर दोन स्क्रू. विषय संपला.

बोरीबंदर
विषय संपला म्हणे! शंकासुरा, आवाजाच्या धाग्यावर पहिल्याच प्रतिसादात विषय संपवणारा तू पहिलाच. मी चिवडा घेऊन बसलोय.

सोल्डरवाला
निवांतराव, झाकण न उघडता "बोर्ड गेला" म्हणणाऱ्याकडे परत जाऊ नका. त्या काळातल्या अ‍ॅम्प्लिफायरमध्ये न मिळण्यासारखं फार थोडं असतं. आउटपुटला बहुतेक २एन३०५५ किंवा त्याच्या भाऊबंदांपैकी ट्रान्झिस्टर असतील, ते अजून मिळतात. ट्रान्सफॉर्मर शाबूत आहे ना? मग निम्मी लढाई जिंकलात.

आधी एक रुपयाही खर्च न करता दोष कुठे आहे ते शोधू. मशीन बंद करा. मागच्या बाजूला डाव्या-उजव्या स्पीकरच्या वायरींची अदलाबदल करा आणि परत चालू करा. मुका आता उजवीकडे गेला तर स्पीकर चांगला आहे, दोष अ‍ॅम्प्लिफायरमध्ये. मुका डावीकडेच राहिला तर स्पीकर किंवा त्याची वायर. मग हाच खेळ इनपुटच्या पिनांवर खेळायचा. डॉक्टर पोट दाबून "इथे दुखतं का" विचारतात, तसंच.

चापट मारल्यावर बोलतो हे तर फार चांगलं लक्षण. जळालेला भाग चापटीने जिवंत होत नाही. कुठेतरी खटक्यावर काजळी धरलीय किंवा सोल्डरचा डाग (जोड) सुटलाय. समोर कुठकुठली बटणं आहेत त्याचा फोटो टाका.

आणि एक नंबरची सूचना. दोन वर्षं बंद असलेलं मशीन थेट प्लगला लावू नका. सिरीजमध्ये ६० वॅटचा जुना पिवळा बल्ब घालून लावा. बल्ब क्षणभर उजळून मंद झाला तर ठीक. लख्ख पेटून राहिला तर आत शॉर्ट आहे, लगेच बंद करा. तुम्ही आधीच थेट लावून मोकळे झालात आणि काही जळलं नाही, म्हणजे नशीब चांगलं आहे. झाकण मात्र तुम्ही उघडू नका. प्लग काढल्यावरही मोठ्या कपॅसिटरमध्ये करंट बसून असतो.

ठाणेकर_काकू
आमच्याकडे ह्यांचे असेच दोन डबे होते. हॉलमध्ये पाय ठेवायला जागा नाही आणि ह्यांचं म्हणणं, "भिंतीपासून दीड फूट पुढेच हवेत." मी शेवटी दोन्हीवर मनी प्लँटच्या कुंड्या ठेवल्या. सहा महिन्यांत वरची फळी पाणी पिऊन पुरणपोळीसारखी फुगली. ह्यांनी आठवडाभर अबोला धरला. तेव्हा निवांत, आधी ती फुलदाणी उतरव बाबा!

बोरीबंदर
काकू, काकांना माझा साष्टांग दंडवत कळवा. फक्त आठवडाभर?

मंडपवाला
मी सातारा भागात २२ वर्षं साऊंडचं काम करतो. मंडप, लग्न, कीर्तन, सभा सगळं. घरगुती लोक एकाच गोष्टीत फसतात, ती म्हणजे वॅट. २० वॅट कमी वाटतात म्हणून लोक १०० वॅटचं बघतात. वॅट दुप्पट केले की आवाज फक्त ३ डेसिबल चढतो. माणसाच्या कानाला "दुप्पट" वाटायला साधारण १० डेसिबल लागतात, म्हणजे दहापट वॅट. त्या हिशोबाने २० च्या जागी २०० हवेत. कशाला? आईंना नाट्यगीत ऐकायचंय, विसर्जनाची मिरवणूक नाही काढायची.

तुमच्या डब्यांची सेन्सिटिव्हिटी समजा ८८ डेसिबल धरली. म्हणजे १ वॅट दिला तर १ मीटरवर ८८. आठ फुटांवर बसलं की थोडा उतरेल, पण दोन डबे मिळून घरात बोलणं थांबवावं लागेल इतका आवाज होतो. १ वॅटमध्ये! उरलेले १९ तबल्याच्या थापेसाठी राखीव.

कर्ण्याचं तर अजूनच नवल. भोंग्याचा आकारच असा की तेवढ्याच वॅटमध्ये तो साध्या स्पीकरच्या कितीतरी पुढे ओरडतो. म्हणून कीर्तन दोन शेतं ओलांडून जातं. मात्र त्यात खर्जही नाही आणि नाजूकपणाही नाही. मृदंग कर्ण्यावर ऐकलात तर डबा वाजवल्यासारखा येतो.

शंकासुर
मग ते "५००० वॅट" लिहिलेले टू-इन-वन कुठून यायचे? आमच्याकडे होता एक. चार बॅटरी सेलवर पाच हजार वॅट!

मंडपवाला
ते पीएमपीओ, म्हणजे क्षणभराच्या कमाल ताकदीचा दावा. कंपनीच्या मालकाला रात्री स्वप्नात दिसलेला आकडा. आरएमएस (सतत देता येणारी ताकद) लिहिलं असेल तेवढंच खरं धरायचं.

कोकणी_फणस
रच्याकने, माठ आठवला का कुणाला? कॉलेजात रत्नागिरीला खोलीवर आम्ही ४४४० चं (अ‍ॅम्प्लिफायरची आयसी) तयार बोर्ड, एक जुना १२ व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर आणि सहा इंची स्पीकर आणला. डब्याला पैसे नव्हते. मालकिणीचा गळका माठ मागून घेतला, तोंडावर स्पीकर उलथा बसवला आणि कडेने कणीक लिंपली. बेस असा यायचा की खालच्या मजल्यावर मालकिणीच्या मांडणीतले पेले एकमेकांना भेटायचे. चार दिवसांनी कणकेला मुंग्या लागल्या. त्या कॉइलपर्यंत पोचल्या आणि आमची मैफल संपली.

सोल्डरवाला
+१०० फणसराव! ४४४० वर महाराष्ट्राची एक पिढी वाढलीय. रिक्षा, ट्रॅक्टर, टेम्पो, होस्टेल, सगळीकडे तीच आयसी. दोन चॅनेलला ६-६ वॅट, ब्रिज केली (दोन्ही चॅनेल मिळून एक केली) तर १९. आणि पाठीवर अ‍ॅल्युमिनियमची पट्टी लावायला विसरलात की अंड्याचं ऑम्लेट.

माठामागेही शास्त्र आहे. बाटलीच्या तोंडावर फुंकर मारली की एकच सूर येतो ना? माठातली हवाही तशीच एका ठरावीक सुराला घुमते. म्हणून "बेस" येतो खरा, पण येतो तो एकच. गाणं कुठलंही असो, माठ आपला "ढुम" सोडत नाही. चांगल्या डब्याला मागे भोक असतं, तेही ह्याच तत्त्वावर. तिथे मोजमाप करून केलेलं असतं एवढाच फरक.

काळी_दोन
म्हणजे आमच्या गल्लीतला एक तबलजी. त्याचाही डग्गा असाच.

उसगावकर
निवांत, एक सावधगिरी. जुनं नको म्हणून अमेरिकेतून कुणाकरवी मागवायचा विचार डोक्यात आला तर झटका. मी २००४ मध्ये बहिणीसाठी न्यू जर्सीहून अ‍ॅम्प्लिफायर आणि टर्नटेबल जहाजाने पाठवलं. अ‍ॅम्प्लिफायर १२० व्होल्टचा. भाओजींनी अडॅप्टर पिन लावली आणि थेट २३० मध्ये. एक "फट्" आणि मग तीन दिवस घराला वास.

टर्नटेबलसाठी मग स्टेपडाऊन ट्रान्सफॉर्मर आणला. ते फिरलं, पण सगळे गायक थकल्यासारखे! मला फोन आला, "रेकॉर्डी खराब झाल्यात जहाजात." रेकॉर्डी ठणठणीत होत्या. ट्रान्सफॉर्मर व्होल्ट बदलतो, हर्ट्झ नाही. आतली सिंक्रोनस मोटर ६० हर्ट्झच्या हिशोबाची, भारतात मिळतात ५०. म्हणजे ३३⅓ च्या जागी २८ पेक्षाही कमी फेरे. शेवटी मोटरची पुली बदलून घ्यावी लागली.

काळी_दोन
उसगावकर, हा किस्सा मी माझ्या क्लासमध्ये सांगणार! ६० चे ५० म्हणजे सूर पेटीच्या तीन पट्ट्यांनी (काळ्या-पांढऱ्या दोन्ही धरून), किंचित जास्तच, खाली. काळी दोनमध्ये गाणारी बाई थेट पांढरी एकमध्ये. आणि लय सहाला पाच. भाओजींना द्रुत तीनताल मध्यलयीत ऐकायला मिळाला, तक्रार कसली करतात?

निवांत, तुमच्या हूंऽऽ चा सूर कोणता आहे? थट्टा नाही, खरंच विचारतोय. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे घरातला हम पांढरी पाचच्या जवळ असतो, थोडा चढा. खालच्या सप्तकातला असेल तर ५०, त्याच्या वरचा असेल तर १००. अमेरिकेत ६० हर्ट्झ म्हणजे काळी पाच आणि पांढरी सात यांच्या बरोब्बर मधोमध. ज्या देशाचा फ्रीजसुद्धा बेसूर, तिथे राहायचं कसं?

उसगावकर
राहतो बापडा. ग्रीन कार्डवर सूर लिहीत नाहीत.

सोल्डरवाला
काळी_दोन विनोदात फार कामाचं बोलून गेले. १०० हर्ट्झचा हम, दोन्ही बाजूंनी, व्हॉल्यूम शून्यावर असला तरी तेवढाच, असं असेल तर पॉवर सप्लायचे फिल्टर कपॅसिटर सुकलेत. चाळीस वर्षांत सुकणारच, ते बदला. हम ५० चा, जाडसर, व्हॉल्यूमबरोबर वाढणारा असेल तर अ‍ॅम्प्लिफायर निर्दोष आहे. गडबड इनपुटच्या वायरीत किंवा अर्थिंगमध्ये. निवांतराव, "रेकॉर्ड लावली की" असं लिहिलंयत. टेप किंवा ऑक्झिलरीवर येत नाही का?

निवांत_कोथरूड
बापरे, केवढे प्रतिसाद! फुलदाणी उतरवली काकू.

सोल्डरवाला, वायरींची अदलाबदल केली. मुका उजवीकडे गेला! म्हणजे डावा स्पीकर चांगला, दोष अ‍ॅम्प्लिफायरमध्ये. हम फक्त फोनोवर (टर्नटेबलच्या इनपुटवर) आहे आणि व्हॉल्यूमबरोबर वाढतो. हार्मोनियम काढून सूर जुळवायला आईलाच बसवलं. पांढरी पाच, खालची. काळी_दोन, मानलं.

बटणं: बेस, ट्रेबल, बॅलन्स, व्हॉल्यूम हे फिरवायचे. दाबायचे: लाऊडनेस, मोनो, टेप मॉनिटर, स्पीकर ए, स्पीकर बी. मागे मोबाईलची पिन लागेल असं काही नाही, गोल पाच भोकांची सॉकेटं आहेत.

सोनेरी_कान
इतकं सगळं करून वायर मात्र विजेच्या दुकानातलीच असणार! ऑक्सिजन-फ्री कॉपरची चांगली स्पीकर केबल घ्या, बजेटपैकी निदान आठ हजार त्याला ठेवा. पडदा उठल्यासारखा फरक पडतो. मी स्वतः ऐकलाय.

मास्तर_खडूस
सोनेरी कान, लोखंडी पाकीट दिसतंय तुमचं. आमचं फाटकं आहे.

हिशोब करू या. फिनोलेक्स, पॉलिकॅब कुणाचीही साधी तांब्याची २.५ चौरस मिमी वायर घ्या. किलोमीटरला साधारण साडेसात ओहम. निवांतच्या हॉलमध्ये एका स्पीकरला पाच मीटर, जाऊन-येऊन दहा. म्हणजे ०.०७५ ओहम. समोर ८ ओहमचा स्पीकर. एक टक्कासुद्धा नाही. त्या एका टक्क्याचे आठ हजार?

सोनेरी_कान
सगळं मोजता येत नसतं, मास्तर. कानांवर विश्वास ठेवा.

मास्तर_खडूस
ठेवतो की. डोळे बांधून, वायर कुठली ते न सांगता दहा वेळा ओळखा. तुमच्या घरी येतो, चहा घरून प्यायलेला असेन.

ठाणेकर_काकू
मास्तर, आमच्या ह्यांनाही बोलवा. एक माणूस घराबाहेर पडेल.

पणजीकार
ह्या धाग्यान आजोबांचा रेडिओग्राम आठवला. आमच्या म्हापशाच्या घरात पोर्तुगीज काळात आलेला जर्मन सेट होता, कपाटाएवढा. आजोबा त्यावर एमिसोरा द गोवा लावायचे, पुढे आकाशवाणी. चालू केला की आधी काहीच नाही, मग व्हॉल्व गरम झाले की समोर एक हिरवा डोळा हळूहळू उघडायचा. स्टेशन नीट लागलं की डोळ्याच्या दोन पाकळ्या जवळ यायच्या. आम्हां पोरांना वाटायचं आत कुणीतरी बसून बघतोय.

एका पावसाळ्यात कोनला बुरशी आली. दुसऱ्या पावसाळ्यात आत पाल शिरली आणि ट्रान्सफॉर्मरच्या टोकांवर आडवी झाली. पालही गेली, फ्यूजही गेला. आजोबांनी बागेत पालीला पुरलं आणि फ्यूज बदलला. अजून चालतो, पण आता फक्त चतुर्थीला लावतो.

बोरीबंदर
धागा अ‍ॅम्प्लिफायरचा, पण मुंग्या, पाल, सगळी सृष्टी हजर. उंदीर राहिला.

कोकणी_फणस
उंदीर माझ्या मामाकडे. डब्याच्या मागच्या भोकातून आत जाऊन आतल्या कापसात बाळंतीण झाली होती. मामा म्हणायचा, "आज ट्विटर (उंच सुरांचा छोटा स्पीकर) आपोआप वाजतोय."

शंकासुर
मी अजून साऊंडबारवर ठाम. आणि हे सगळे स्पीकरप्रेमी गणपतीत डीजेच्या भिंतींबद्दल गप्प का असतात? मंडपवाले, तुम्हीच बोला.

मंडपवाला
बोलतो. मी भिंत लावत नाही. लावायचो, २०१५ पर्यंत. एका मिरवणुकीत एका घराची काच माझ्या बेसने तडकली, आत तान्हं मूल होतं. दुसऱ्या दिवशी जाऊन काच बसवून दिली आणि बेसचे डबे विकले. नियमाने निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल, रात्री दहानंतर बाहेर वाजवायला बंदी. दोन माणसं जवळ उभी राहून बोलली तरी ५५-६० होतं. मग भिंतीचं काय होत असेल ते तुम्हीच समजा. धंदा निम्मा झाला, झोप लागते.

बोरीबंदर
शंकासुरा, काडी टाकलीस आणि ती विझलीसुद्धा. मंडपवाले, _/\_

मास्तर_खडूस
मूळ मुद्द्यावर येतो. निवांत, स्पीकर सध्या कुठे ठेवलेत? खरं सांगा.

निवांत_कोथरूड
एक शोकेसच्या वर, छताला लागून. दुसरा सोफ्यामागे खिडकीखाली. बाबा असताना दोन्ही खाली समोर होते, रंगकाम झाल्यावर असे झाले.

मास्तर_खडूस
वाटलंच! मग तुम्ही स्टीरिओ ऐकतच नाही आहात. एक गायक माळ्यावर आणि पेटीवाला सोफ्यामागे लपलेला. हजारो रुपये खर्चून जो फरक पडत नाही तो टेप आणि दोन स्टुलांनी पडतो.

दोन्ही डबे एकाच भिंतीसमोर आणा, लांबीच्या दिशेने वाजतील असे. दोघांमध्ये सहा-सात फूट, आणि आई बसतात ती जागा दोघांपासून साधारण तेवढ्याच अंतरावर. ट्विटर बसलेल्या माणसाच्या कानाच्या उंचीला. कोपऱ्यात कोंबू नका, कोपरा बेस फुगवतो. तुमच्या दहा फुटी रुंदीत ५६ हर्ट्झच्या आसपासचा सूर दोन भिंतींमध्ये अडकून घुमणार, तो कोपऱ्यात सगळ्यात जास्त. मग तानपुऱ्याचा खर्ज आणि डग्गा एकमेकांत कालवले जातात.

आता हॉलच्या मधे उभं राहून एक टाळी वाजवा. "टर्रर्र" असं शेपूट ऐकू आलं तर समजा दोन उघड्या भिंती आवाजाचं टेबल टेनिस खेळतायत. जाड पडदा, पुस्तकांची मांडणी, जमिनीवर सतरंजी. फोमच्या पिरॅमिडवाल्या काळ्या लाद्या विकत घेऊ नका, आजीची गोधडी पुष्कळ चांगली.

सोनेरी_कान
खोलीबद्दल मास्तरांशी सहमत. (केबलबद्दल नाही.)

सोल्डरवाला
निवांतराव, तुमच्या बटणांच्या यादीत माझा संशयित सापडला: टेप मॉनिटर. जुन्या अ‍ॅम्प्लिफायरमध्ये एक बाजू मुकी असण्याचं सगळ्यात मोठं कारण. सगळा आवाज त्या खटक्यातून वळसा घालून जातो, आणि ते बटण वर्षानुवर्षं कुणी दाबत नाही. आतली पितळी जीभ काळी पडते. मशीन बंद करा आणि ते बटण न थांबता चाळीस-पन्नास वेळा दाबा-सोडा. मग लावून बघा. फरक पडला तर पुण्याच्या तपकीर गल्लीतून (इलेक्ट्रॉनिक्सचा बाजार) काँटॅक्ट क्लीनरचा स्प्रे आणा, साधा गंज काढायचा तेलकट स्प्रे नको. तो आत मारायला मात्र झाकण काढावं लागेल, त्यासाठी माणूस शोधा.

काळी कड म्हणजे फोम. तो दमट हवेत पंधरा-वीस वर्षांत गळतो. तुमचा मध्येच कधी बदललेला असणार, नाहीतर १९८३ चा आतापर्यंत टिकला नसता. दुकानदार "अख्खा स्पीकर बदला" म्हणेल, ऐकू नका. कोन आणि कॉइल ठीक असेल तर फक्त फोमची कड बदलतात. कोन चार बोटांनी समान दाबून आत ढकला. खरखर ऐकू आली नाही तर कॉइल मोकळी आहे. आणि दोन्ही बाजूंची कड एकदमच बदला, एक डोळ्याला चष्मा नको. डिंक ओला असताना मोबाईलवरून ३० हर्ट्झचा सूर अगदी हळू लावून ठेवतात, म्हणजे कॉइल आपोआप मधोमध बसते.

वायरी परत जोडताना लाल-काळा उलट करू नका. एक कोन पुढे जाताना दुसरा मागे गेला की बेस गायब. शंका असेल तर डब्याची अ‍ॅम्प्लिफायरकडची वायर सोडवा आणि दीड व्होल्टचा सेल क्षणभर लावा. धन लालला लावल्यावर दोन्ही कोन बाहेर आले पाहिजेत.

पाच भोकांचं सॉकेट म्हणजे डिन. डिन ते आरसीए कॉर्ड मिळते, तिच्या पुढे ब्लूटूथचा छोटा रिसीव्हर. झाला तुमचा मोबाईल बाबांच्या मशीनला जोडून.

मीनल_कान_तपासणी
मी ऑडिओलॉजिस्ट आहे, एरवी फक्त वाचते. शंकासुर, तुमच्या बाजूने एक वाक्य: टीव्हीवरचे संवाद कळत नाहीत अशी वयस्कर लोकांची तक्रार असते, तिथे मधोमध संवाद वाजवणारा साऊंडबार खरोखर उपयोगी पडतो.

पण गाण्याची गोष्ट वेगळी. वयानुसार आधी उंच पट्टीचं ऐकणं कमी होतं. स, श, त, फ ही व्यंजनं तिथेच असतात. म्हणून आजी म्हणतात, "आवाज येतो पण शब्द कळत नाहीत." घरचे व्हॉल्यूम वाढवतात, त्याने अ, आ, ई हे स्वरच मोठे होतात आणि शब्द आणखी बुडतात. निवांत, आईंसाठी व्हॉल्यूम आहे तिथे ठेवा, बेस थोडा कमी करा आणि ट्रेबल वाढवा. लाऊडनेसचं बटण बंद. आणि एकदा ऐकण्याची तपासणी करून घ्या.

शंकासुर
अखेर एक शहाणं माणूस भेटलं.

बोरीबंदर
तिने पुढचा परिच्छेदही लिहिलाय रे.

निवांत_कोथरूड
मंडळी, दहा दिवसांनी येतोय. अहवाल:

टेप मॉनिटर साठ वेळा दाबला. मुलगा मोजत होता. डावी बाजू बोलायला लागली! सोल्डरवाला, तुम्हाला काय द्यावं? मग तपकीर गल्लीच्या पलीकडे एक सत्तरीचे काका भेटले, त्यांनी झाकण काढून स्प्रे मारला, दोन डाग परत दिले आणि आतली चाळीस वर्षांची धूळ ब्रशने काढली. आत बाबांची एक पेन्सिल सापडली. काकांनी सातशे घेतले. फोम दोन्हीकडचे बदलून झाले, पंचवीसशे. ब्लूटूथ आणि डिन कॉर्ड मिळून अकराशे.

डबे आता स्टुलावर, टेपने मोजून. टाळीला शेपूट होतं, गोधडी टांगल्यावर गेलं. बायकोने गोधडी "ठीक आहे, पण उजव्या भिंतीला नको" अशा अटीवर मान्य केलीय.

आणि हम. काकांना तो सापडेना. मशीन ठणठणीत, टर्नटेबल ठणठणीत. शेवटी घरी टर्नटेबलच्या मागे टॉर्च मारला तर एक बारीक हिरवी वायर लोंबत होती, कशालाच न जोडलेली. तिच्या टोकाला दोऱ्याने बांधलेला पुठ्ठ्याचा तुकडा आणि त्यावर बाबांच्या अक्षरात: "ही वायर काढू नये."

अ‍ॅम्प्लिफायरच्या मागच्या स्क्रूला लावली. हम गायब.

आईला विचारलं. म्हणाली, "मीच काढली होती. झाडताना केरसुणीत अडकायची. ह्यांनी मुद्दाम पाटी लावली, म्हणून तर कळलं कुठली काढायची ते."

सोल्डरवाला
अर्थिंगची वायर! मला पहिल्याच दिवशी विचारायला हवं होतं. मला काही देऊ नका, त्या काकांचा पत्ता तेवढा व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. अशी माणसं आता मोजकीच राहिलीत.

ठाणेकर_काकू
तुझ्या आईशी माझी ओळख करून दे रे.

काळी_दोन
आईंनी पहिलं काय लावलं?

निवांत_कोथरूड
आधी ट्रेबल वाढवून बाबांच्या आवडीची एक भैरवी. मग म्हणाली, "आवाज कमी कर, शेजारी झोपलेत." दुपारी चार वाजता. आणि तपासणीची वेळ पुढच्या मंगळवारची घेतलीय, मीनलताई.

शंकासुर
हिशोब लावला. त्रेचाळीसशे खर्च झाले. बजेट पंचवीस हजार होतं. उरलेल्यात साऊंडबार येतो.

मास्तर_खडूस
किंवा सोनेरी कानांची अडीच केबल.